खळं

चिठ्ठीवर नाव लिहून यायला नको होतं.
आमच्याकडे येतो तो नुसता आकडा,
वॉर्ड, वय, कुठल्या जखमेचा पू.
मी काळ्या मार्करनं नाव खोडलं,
पण खोडायच्या आधी वाचलं होतं.
माणूस त्याच आठवड्यात गेला.

तो गेला, त्याचे जंतू राहिले.
उणे ऐंशीत, ग्लिसरॉलमध्ये, तिसऱ्या खणात,
के-एक्केचाळीस.
दर मंगळवारी मी त्यांना उठवते.
आई विरजण लावायची तसंच सगळं,
थेंबभर, जराशी ऊब, रात्रभर हलवायचं नाही,
फक्त सकाळी जे लागलेलं असतं
ते बोट लावून चाखायचं नसतं.

मकरपुऱ्याच्या या शेडमध्ये आम्ही तिघं.
जिगीषाबेन रेणू जुळवतात, परिमल उंदीर सांभाळतो,
मी ताटल्या वाचते. बावीस वर्षं.
अगरवर बोळ्यानं जंतू सारवायचे,
अंगण सारवावं तसे, तिन्ही दिशांनी, कड न सोडता,
आणि वर सहा टिकल्या.
मेरोपेनेमच्या टिकलीला एक्केचाळीस टेकून झोपतो.
अमिकासिनलाही. सिप्रोचं तर नावच नको.
विश्वामित्रीला पाणी चढलं की मगर
सोसायटीच्या पायरीवर येऊन पडते ना,
तसा. कुणाला घाबरायचं असतं
हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ऑगस्टात तीनशे सहा नंबरच्या टिकलीभोवती
खळं पडलं,
चंद्राला पडतं तसं.
काळ्या कापडावर ताटली धरून पट्टी लावली. एकोणीस.
परत लावली. एकोणीस.
मी ओरडले नाही. परिमलला म्हटलं, जरा इकडे ये.
तो वाकून बघत राहिला.
"काकी, आ तो साव चोख्खुं."
जिगीषाबेन म्हणाल्या, अजून दोनदा करा. मग उंदीर.
मग मूत्रपिंडं. मग दहा वर्षं. मग बघू.
त्या अशाच बोलतात.
पण त्या दिवशी सेव-उसळ त्यांनीच मागवली.

दुसऱ्यांदा अठरा.
तिसऱ्यांदा एकोणीस, आणि खळ्याच्या आत
दोन ठिपके.

माझे सासरे पादऱ्याला जमीन कसायचे.
त्यांचं खळं वेगळं:
चोपून सारवलेला गोल, त्यात मळणी.
सगळं झाडून नेलं तरी
फटीत एखादा दाणा राहतोच, म्हणायचे,
आणि आपण पाठ फिरवली की कोंभ काढतो.

दोन्ही ठिपके वेगवेगळ्या लूपनं उचलले.
नवी लेबलं लिहिली: एक्केचाळीस-अ, एक्केचाळीस-आ.
वारस नोंदवल्यासारखं वाटलं.

परवा दांडिया बाजारातून येताना
ते नाव एका पाटीवर दिसलं.
सांगणार नाही, खोडलंय ते मी.
खाली लिहिलेलं: प्रायमस, शेगडी, बर्नर दुरुस्त करून मिळतील.
स्टुलावर एक मुलगी
बर्नरची भोकं एकेक करून कोरत होती.
तेच दुकान असेल असं नाही. एका नावाची कितीतरी माणसं.
तरी थांबले.
काय विचारणार होते मी?
तुझ्या वडिलांचं काही आमच्याकडे राहिलंय,
ते दर मंगळवारी उठतं, असं?
म्हटलं, पिन आहे का.
"कशासाठी?"
म्हटलं, कामावरचा बर्नर पिवळा जळतो.
तिनं दोन दिल्या. पैसे एकीचेच घेतले.

आज मंगळवार.
ज्योत निळी आहे.
लूप लाल होईपर्यंत धरते,
गार होईपर्यंत थांबते,
मग एक्केचाळीस-अ चं झाकण काढते.